खटक्याची तिसरी जागा

विमान परत वळलं तेव्हा मैदानावरची दोनेकशे माणसं एकदम श्वास आत घेऊन तो सोडायला विसरली.

विमान साधंच होतं. थर्माकोलचं, पांढरं, दोन मीटर पंखांचं. ते लांब, पाण्याच्या टाकीपलीकडे जाऊन ठिपक्याएवढं झालं होतं. त्याला उडवायचा रिमोट इकडे एका स्टुलावर, पांढऱ्या फडक्यावर ठेवलेला. जवळपास कोणी नाही. मास्तर चार पावलं मागे सरून उभे, दोन्ही हात खिशात. पुढे निरोपेबुवा, डोळे मिटलेले, दोन्ही हात वर केलेले. आणि ते विमान कोणी न बोलावता, एक ऐसपैस वळण घेऊन, सरळ मैदानाकडे येत होतं.

"निघाले," बुवा डोळे न उघडता म्हणाले. "थांबायला सांगितलं तरी थांबायचे नाहीत आता."

मैदानाच्या मधोमध एक खुर्ची मांडली होती. तिच्यात शिंपीणबाईंची नऊ वर्षांची चिमी पाय हलवत बसली होती. तिला फिट यायच्या. विमान आलं, बरोबर तिच्या डोक्यावर आलं आणि घारीसारखं घिरट्या घालू लागलं. एक, दोन, तीन. शिंपीणबाईंनी तोंडावर पदर दाबला. पोस्टमननं टोपी काढली. मागच्या बाजूला कोणीतरी रडायला लागलं.

"कप्तान ज्याच्यावर फिरतात, त्याचं दुखणं वर ओढून घेतात," बुवा सांगत होते. "आत्म्याला पेट्रोल लागत नाही, रेंज लागत नाही, परवाना लागत नाही. शरीर म्हणजे नुसता खोका. माल पुढे रवाना झालेला असतो. तो माल आज तुमच्यासाठी परत आलाय."

वर पाहणाऱ्या दोनेकशे माणसांत एकालाच ठाऊक होतं की वरून कोणी परत आलेलं नाही. तो एक माणूस म्हणजे मास्तर. त्यांनी खिशातल्या मुठी आवळल्या आणि इतरांसारखंच वर पाहिलं, कारण खाली पाहिलं असतं तर समोरच्या खुर्चीत ती पोरगी दिसली असती.

कप्तान म्हणजे कुठल्या जहाजावरचे कप्तान नव्हेत. शहर बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. टोपी कधी तिरकी होऊ द्यायचे नाहीत म्हणून प्रवाशांनीच ते नाव पाडलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांना विमानांचं वेड लागलं. मास्तर त्यांचे शेजारी. तंत्रशाळेत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. तेव्हा वाटणी आपोआप झाली. लाकूड, थर्माकोल, डिंक कप्तानांकडे. तारा, बॅटऱ्या, कथलाचा डाग देणं मास्तरांकडे. उडवायचे कप्तान. मास्तरांचा हात जोडण्यात जेवढा पक्का, तेवढाच उडवण्यात कच्चा.

या विमानाच्या पोटात काडेपेटीएवढी एक इलेक्ट्रॉनिक पाटी होती आणि रिमोटच्या डाव्या खांद्यावर तीन जागांचा एक खटका. खटक्याच्या कुठल्या जागेला विमानानं कसं वागायचं हे त्या पाटीला आधी नेमून द्यावं लागतं. याला फ्लाइट मोड म्हणतात. खटका वर असला की सगळी मदार उडवणाऱ्याच्या हातावर. मध्ये असला की हात चुकला तरी विमान स्वतःला सरळ धरून ठेवतं. आणि खाली असला की विमान घरी येतं. उपग्रहांना आपली जागा विचारत विचारत, जिथे ते चालू केलं होतं नेमकं तिथे येतं आणि खटका हलवेपर्यंत तिथेच घिरट्या घालतं.

कप्तानांनी ही तिसरी जागा रिकामी ठेवायला लावली होती. मास्तरांनी दोनदा सांगून पाहिलं. "मास्तर," कप्तान म्हणाले, "एकतीस वर्षं गाडी डेपोत मीच आणली. आता म्हातारपणी यंत्राचं बोट धरून घरी येऊ?" विषय संपला. वहिनींनी, म्हणजे कप्तानांच्या बायकोनं, हा संवाद दारात उभं राहून ऐकला होता आणि त्या हसल्या होत्या.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता कप्तान गेले.

आठ महिने वहिनींचं धड कोणाशी बोलणं नाही, धड जेवणं नाही. मास्तर रोज जाऊन बसत, वर्तमानपत्र वाचून दाखवत, परत येत. एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, "भाऊजी, ते पांढरं विमान एकदा उडवा. मला बघायचंय. मोडलं तर मोडलं."

मास्तर विमान घेऊन घरी आले. मित्राची शेवटची वस्तू, आणि आपल्या हातून जायची. त्या संध्याकाळी त्यांनी विमान टेबलावर घेतलं, लॅपटॉप जोडला, फ्लाइट मोडचं पान उघडलं आणि तिसऱ्या रकान्यात "घरी परत" निवडलं. खटका वर-मध्ये-खाली करून पाहिला. पडद्यावर तीन रकाने एकामागून एक उजळले. दहा मिनिटांचं काम. पण ते करताना त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. कप्तानांचा शब्द मोडत होते ना.

दुसऱ्या दिवशी मैदानावर वहिनी खुर्चीत बसल्या. विमान चालू करून मास्तरांनी ते त्यांच्या पायाशी ठेवलं. वहिनींनी पंखावरून हात फिरवला. हिरवा दिवा स्थिर झाला. मास्तरांनी विमान सोडलं, आणि पाच मिनिटांत जे व्हायचं तेच झालं. विमान लांब गेलं, इकडे येतंय की तिकडे जातंय ते कळेना. मास्तरांनी खटका खाली ओढला आणि आणखी काही चुकू नये म्हणून रिमोट स्टुलावर ठेवून दिला. विमान वळलं. आलं. वहिनींच्या डोक्यावर फिरू लागलं.

वहिनी उभ्या राहिल्या. एकदा रिमोटकडे, एकदा आभाळाकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वळवलंत?"

"मी हात लावला नाही, वहिनी."

शब्दशः पाहिलं तर खोटं नव्हतं. त्या क्षणी हात लागलेला नव्हता. पण वर्गात एखादा पोरगा "सर, मी फ्यूज उडवला नाही, मी फक्त बटण दाबलं" असं म्हणाला की हेच मास्तर त्याचे कान उपटायचे.

वहिनींच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. "ते आलेत," त्या म्हणाल्या.   खरं उद्या सांगू, असं मास्तरांनी ठरवलं.

उद्या बुवा आले.

निरोपेबुवा मेलेल्यांचे निरोप आणत. त्याआधी ते दारोदार पाण्याचे फिल्टर विकत. तेव्हाही पाण्यातलं न दिसणारं दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता. वहिनींनी शेजारणीला सांगितलेली गोष्ट कर्णोपकर्णी त्यांच्यापर्यंत गेली. ते समोरच्या खोलीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "निरोप आलाय, पण अक्षर पुसट आहे. या घरात एक गोष्ट त्यांची अर्धवट राहिलीय." ज्या घरात माणूस एकाएकी गेला, तिथे एखादी गोष्ट अर्धवट राहणार नाही तर काय. पण वहिनी रडल्या. कोपऱ्यात विमानाचा अर्धा सांगाडा पडलेलाच होता.

दोन दिवसांनी बुवा मास्तरांच्या खोलीवर आले. एकटेच. टेबलावरच्या सुट्या भागांकडे कौतुकानं पाहत राहिले. मग एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखं विचारलं, "मास्तर, एक अडाणी प्रश्न. विमानानं कुठे फिरायचं, हे ते कसं ठरवतं?"

पन्नास पोरांपैकी एक जरी लक्ष देऊन ऐकत असेल तरी मास्तरांची जीभ सुटायची. जन्माची खोड. त्यांनी उपग्रह सांगितले, पाटी सांगितली, खटक्याच्या तीन जागा सांगितल्या.

"म्हणजे ज्याच्या पायाशी चालू केलं, त्याच्याच डोक्यावर."

"बरोबर."

"वा," बुवा म्हणाले, आणि त्या एका "वा"मध्ये मास्तरांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. बुवा हसले. "घाबरू नका. आपण दोघं एकाच धंद्यातले."

"कुठला धंदा?"

"सांत्वनाचा. सुरुवात तुम्ही केलीत, मी थोडा वाढवतो. येत्या रविवारी विमान घेऊन या."

"मी नाही येणार."

"नका येऊ. मग वहिनींना खरं काय ते मी सांगतो. मित्राच्या बायकोची थट्टा कशी केलीत, तेही सांगतो." उठता उठता त्यांनी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर नीट सरळ करून ठेवला. "त्या सध्या जेवायला लागल्यात म्हणे. चांगलं आहे."

मास्तर गेले. एक रविवार, दोन रविवार. बुवा सांगतील त्याच्या खुर्चीपाशी विमान चालू करायचं. बुवा त्याला "संपर्क" म्हणत. हिरवा दिवा स्थिर झाला की "कप्तानांनी ओळख दिली." मग विमान सोडायचं, लांब न्यायचं, आणि रिमोट स्टुलावर ठेवता ठेवता खटका खाली ओढायचा. सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असले की माणसाच्या बोटाला फार मोकळीक मिळते. दर वेळी मास्तर स्वतःला सांगत की कोणाचं नुकसान तर होत नाहीये. गुडघेदुखीवाल्या दोन म्हाताऱ्या आनंदात घरी गेल्या, बिघडलं काय. वहिनी आता बुवांच्या शेजारी खुर्चीवर बसत, लोक त्यांना वाकून नमस्कार करत. तिसऱ्या रविवारी चिमीचा नंबर आला.

पुढचाही एक रविवार तसाच गेला, आणि चिमी खुर्चीत बसली त्यानंतर अकराव्या दिवशी ती शाळेच्या जिन्यावर पडली.

मास्तर हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती झोपली होती. एक हात गळ्यात बांधलेला, खांद्यापाशी हाड मोडलेलं, ओठ सुजलेले. फिट वीस मिनिटं थांबली नव्हती. तरुण डॉक्टरीणबाई शिंपीणबाईंना विचारत होत्या, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"दहा-अकरा दिवस झाले."

"या गोळ्या अशा एकाएकी सोडायच्या नसतात हो. मी लिहून दिलं होतं, तोंडानं सांगितलंही होतं. कोणी बंद करायला सांगितलं?"

शिंपीणबाईंनी चिमीची चादर सारखी केली. बुवांनी त्यांना सांगितलं होतं की कडू गोळी आणि गोड कृपा एका पोटात मावत नाहीत. एकीला बाहेर काढावंच लागेल.

"अजून उशीर झाला असता तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून पुढच्या खाटेकडे गेल्या.

मास्तरांना वाटलं, आता ही बाई आपल्या थोबाडीत मारेल. मारावं. तेवढं तरी व्हावं. पण शिंपीणबाईंनी त्यांचा हात धरला. "मास्तर, कप्तानांचीच कृपा म्हणायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर एवढ्या उंचावरून पडून पोर वाचली असती का? चुकलं माझंच. बुवा म्हणाले होते, मनात शंका ठेवू नको. मी दोन गोळ्या डब्यात लपवून ठेवल्या होत्या. त्या आज टाकून देते. येत्या रविवारी तिच्या जागी मी बसते खुर्चीत."

त्यांच्या बोटांना सुईचे घट्टे पडले होते. मास्तरांनी आयुष्यात अनेकदा विजेचा झटका खाल्ला होता; असा कधी नाही.

"गोळ्या टाकू नका," ते कसेबसे म्हणाले. "रविवारपर्यंत तरी डॉक्टर सांगतील तसंच करा. माझ्यासाठी करा."

"तुम्ही सांगताय म्हणून करते," त्या म्हणाल्या. हे ऐकून मास्तरांना अधिकच मेल्यासारखं झालं.

तिथून घरी जाऊन विमान आणि पिशवी घेऊन मास्तर सरळ वहिनींकडे गेले. वहिनी स्टुलावरच्या फडक्याला इस्त्री करत होत्या. कप्तानांचं कामाचं टेबल दाराबाहेर काढून ठेवलं होतं. ती खोली आता बुवांच्या बैठकीसाठी रिकामी होत होती.

"वहिनी, इस्त्री बंद करा. मला सांगायचंय काहीतरी."

"सांगा की. कान थोडेच इस्त्रीला गुंतलेत?"

"त्या दिवशी विमान मी परत आणलं होतं."

वहिनींचा हात थांबला नाही. "उगाच मनाला लावून घेऊ नका. तुम्ही हात लावला नव्हता. मी पाहिलंय."

"रिमोट ठेवता ठेवता खटका खाली ओढला होता. तिसरी जागा."

"ती जागा रिकामी आहे. हे कधी लावू देणार होते? माझ्यासमोरच तर बोलले होते तुम्हाला."

"आदल्या संध्याकाळी मी भरली. त्यांचा शब्द मोडून. विमान हरवेल म्हणून भ्यालो होतो." मास्तरांनी पिशवीतून रिमोट आणि लॅपटॉप काढला, विमानातल्या पाटीची तार जोडली, पान उघडलं. "बघा. हा खटका वर. हा मध्ये. हा खाली. वाचा काय लिहिलंय ते."

वहिनींनी चष्मा लावला. वाचलं. स्वतःच्या बोटानं खटका वर केला, खाली केला, परत वर केला. रकाना उजळत होता, विझत होता. फडक्याचा करपट वास यायला लागला तेव्हा मास्तरांनी पुढे होऊन इस्त्री उचलली.

चष्मा काढून वहिनी म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला. सरळ विचारलं होतं."

"हो."

"नाही म्हणालात."

"तुम्ही हसलात, वहिनी. मग माझ्यानं पुढे बोलवलं नाही."

"मी हसले म्हणून," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे माझ्या हसण्यावर ढकलताय." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "एकदा गेले ते गेलेच होते हो. रडून रडून मी ते मानायच्या वळणाला आले होते. तुम्ही परत आणून बसवलंत. आता आज पुन्हा नेताय. हे दुसऱ्यांदा मी कोणापाशी रडायचं?"

 मास्तरांनी चिमीबद्दल सांगितलं. जिना, हाड, वीस मिनिटं, डब्यातल्या दोन गोळ्या, सगळं. वहिनी ऐकत राहिल्या. मग डोळे पुसून उठल्या.

"हे तुम्ही मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका, भाऊजी. माझ्या गळ्यात ओझं टाकून घरी जाऊन झोपाल. मैदानावर सांगायचं. सगळ्यांसमोर."

"बुवा म्हणतील, मास्तर बिथरले. लोक नुसतं सांगून ऐकायचे नाहीत."

"तुम्ही मास्तर ना? मग करून दाखवा."

रविवारी मास्तर तासभर आधी गेले. मैदानाच्या टोकाला, रस्त्यालगत, कचऱ्याची मोठी पत्र्याची पेटी होती. विमान त्यांनी तिथे चालू केलं, हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत पेटीशेजारी उभे राहिले, आणि चालू विमान तसंच उचलून खुर्चीकडे आणलं. एकदा घर ठरलं की विमान घर बदलत नाही. गर्दी जमली. शिंपीणबाई लेकीचा फ्रॉक मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. विमान आधीच चालू आहे हे बुवांच्या ध्यानात आलं नाही. बुवांनी त्यांच्या पायाशी "संपर्क" घडवला, दिवा हिरवा आहे हे सगळ्यांना दाखवलं आणि हात वर केले. विमान गेलं. रिमोट स्टुलावर आला. मास्तरांचे हात खिशात गेले.

"निघाले," बुवा म्हणाले.

विमान वळलं, मैदानावर आलं, शिंपीणबाईंच्या डोक्यावरून तसंच पुढे गेलं आणि तीनशे पावलांवरच्या कचऱ्याच्या पेटीवर जाऊन घिरट्या घालू लागलं. पेटीवरचे कावळे उडाले.

बुवांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. गर्दीत कुजबुज सुरू झाली. पण फिल्टर विकलेला माणूस तो, गिऱ्हाईकानं दार लावून घेतलं तरी बोलायचा थांबत नसे.

"पाहा," ते म्हणाले, "कप्तानांचा संदेश पाहा. मनातला कचरा आधी काढा, म्हणतायत."

"कप्तानांना कचऱ्याचा वास सहन व्हायचा नाही," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "डबा मला टाकायला लावायचे." त्या खुर्चीवरून उठल्या, स्टुलापाशी गेल्या आणि रिमोट हातात घेतला. "भाऊजी, कुठला खटका?"

"डावीकडचा. मध्ये करा."

वहिनींनी खटका मध्ये केला. घिरट्या घालणारं विमान सरळ झालं आणि रस्त्यापलीकडे निघालं.

"आता खाली."

विमान मान वळवून पेटीकडे परत आलं. मध्ये केला, गेलं. खाली केला, आलं. तीनदा. मधल्या एका खेपेला बुवांनी घाईघाईनं हात वर केले, पण नेमका तेव्हा वहिनींनी खटका मध्ये केला होता आणि विमान त्यांच्याकडे पाठ करून चाललं होतं. कोणीतरी खुदकन हसलं. मास्तरांनी रिमोट घेऊन विमान कसंबसं उतरवलं.

"खटका कुठला, कशासाठी, हे मी नेमून दिलंय," ते म्हणाले. मग विमान उचलून सगळ्यांना दाखवलं. "याला फ्लाइट मोड म्हणतात."

"मोबाईलचा?" पोस्टमननं विचारलं.

"नाव एक, काम वेगळं. इकडे या. तुम्हीच करून बघा. सांगा, विमान कुठे फिरवू?"

पोस्टमननं आजूबाजूला पाहून स्वतःच्या सायकलकडे बोट केलं. ती दूर कुंपणाला टेकवलेली होती. मास्तरांनी विमान बंद करून तिथे पुन्हा चालू केलं, दिव्याची वाट पाहिली, उडवलं, आणि खटका पोस्टमनला ओढायला दिला. कप्तानांचा आत्मा सायकलवर घिरट्या घालू लागला. आता लोक उघड हसायला लागले, पण हसण्यात राग चढत होता.

"साधन मास्तरांचं असेल," बुवा म्हणाले, "पण ते बसवायची बुद्धी कोणी दिली? वरून आलेली प्रेरणाच ती."

"मग आज कचऱ्यावर फिरवायची बुद्धीही वरूनच आली म्हणा," वहिनी म्हणाल्या. "तो निरोपही घ्या आणि निघा."

दोन-तीन जण बाह्या सरसावून बुवांकडे निघाले. मास्तर मध्ये उभे राहिले. "त्यांच्या आधी माझा नंबर लागतो," ते म्हणाले. "बुवांना हे मी शिकवलं. त्याआधी या वहिनींना खोटं मी सांगितलं. त्यांना बरं वाटावं म्हणून. चार रविवार मी इथे उभा होतो आणि बोट माझं होतं. बुवांनी गोळ्या बंद करायला सांगितलं ते मला कळलं नव्हतं. पण कळून घ्यायला मी गेलो तरी कुठे?"

 बुवा तेवढ्यात आधी सावकाश आणि मग झपाझप चालत रस्त्याला लागले होते.

"एवढंच सांगतो," मास्तर म्हणाले. "नवल दिसलं की वर बघा, जरूर बघा. पण एकदा खालीही बघा, कोणाचे हात कुठे आहेत ते. आणि प्रश्न फक्त लबाड दिसणाऱ्यालाच विचारू नका. माझ्यासारख्या ओळखीच्या, भल्या म्हणवणाऱ्या माणसालाही विचारा. उत्तर दिलं तर करून दाखव म्हणा. खोटं मायेनं बोललं म्हणून ते औषध होत नाही. आणि कोणाचंही औषध डॉक्टरला न विचारता बंद करू नका."

माणसं पांगली. काहींनी जाताना मास्तरांकडे पाहिलं नाही, एक म्हातारी मात्र थांबून "बरं वाटत होतं हो गुडघ्याला" एवढंच म्हणून गेली. शिंपीणबाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. फ्रॉकची घडी उलगडत, पुन्हा घालत होत्या.

"चिमीच्या डोक्यावर फिरलं तेव्हाही तुमचंच बोट?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ती त्या रात्री झोपेत हसत होती." त्या उठल्या. "तुम्हाला काय बोलायचं ते मला आत्ता सुचत नाहीये, मास्तर. सुचेल तेव्हा बोलेन."

महिनाभर शिंपीणबाईंनी बोलणं टाकलं. वहिनींनी कामाचं टेबल पुन्हा खोलीत घेतलं, पण मास्तर येऊन बसले की त्या वर्तमानपत्र स्वतःच वाचायला घेत. मास्तर थोडा वेळ बसत आणि उठत. या घरात आपल्याला आता फक्त बसू देतात, हे त्यांना समजत होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

मग एक दिवस शिंपीणबाईंचा निरोप आला: चिमीची तपासणी आहे, डॉक्टर काय बोलतात ते मला नीट समजत नाही, याल का. दवाखान्याच्या बाकावर तिघं बसले. चिमीचा हात गळ्यातून निघाला होता, ती पाय हलवत भिंतीवरची चित्रं मोजत होती. शिंपीणबाईंनी समोर पाहत हळूच विचारलं, "गोळ्या वेळेवर देतेय. यानं ही पूर्ण बरी होईल ना?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एका "हो"नं त्या बाईच्या खांद्यावरचा केवढा तरी भार उतरला असता. तो "हो" जिभेवर आलाही होता.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "आत गेल्यावर विचारू. आणि डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर कशावरून, तेही विचारू."

 शिंपीणबाईंनी पिशवीतून शिवणाचं माप लिहायची वही आणि पेन्सिल काढली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"लिहा मग प्रश्न," त्या म्हणाल्या. "मी सांगते."